ताटात काय टाकायचं?

योगितानं भावाला ओवाळलं आणि ताट पुढं धरलं. शहादेवनं दोन्ही हात मांडीखाली सरकवले.

“टाक की, दादा.”

“न्हाई टाकता येत. कायदा हाय.”

“भाऊबीजेला कसला आलाय कायदा?”

शहादेव कंजूष म्हणून अख्ख्या पाली गावात नावाजलेला, पण आजची गोष्ट वेगळी होती. बायको अयोध्याची गर्भपिशवी ऊसतोडीच्या दिवसांत, ऐन तरुणपणी काढून टाकलेली. मूल नव्हतं. बहीण योगिता नेकनूरला दिलेली, पदरात दोन लेकरं. ती आपणहून म्हणाली, “बीज तुमचं, पोट माझं. वाढवते आन तुमच्या वटीत टाकते.” बीडला तपासण्या झाल्या, परवानग्या मिळाल्या, आता सोमवारी गर्भ ठेवायचा होता. डॉक्टरीणबाईंनी शहादेवला समोर बसवून बजावलं होतं, दवाखान्याचा खर्च आणि विमा सोडला तर या बाईला काही म्हणजे काही द्यायचं नाही. दिलं तर तुरुंगात जाल. शहादेवनं ते इतकं मनाला लावून घेतलं, की तेव्हापासून बहिणीला चहासुद्धा तो आईच्या हातूनच देई.

“शाद्या, येडा झालास का रं?” त्याची आई छबुबाई चुलीपासून ओरडली. “लेकीला रिकाम्या ताटानं लावून देतूस?”

“आन पोलीस आले तर तू जातीस का आत?”

योगितानं ताट खाली ठेवलं. “ओवाळणी न्हाई म्हंजी मी बहीण न्हाई. आन बहीण न्हाई, तर परक्या माणसासाठी पोट कशापायी देऊ? गर्भ ठेवायच्या आधी मला न्हाई म्हणता येतंय. हे बी त्याच डॉक्टरीणबाईनं सांगितलंय.”

दारात उभ्या अयोध्याच्या तोंडचं पाणी पळालं. शहादेवनं घाईघाईनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून ओवाळणीचं विचारलं.

“अहो, दरवर्षी घालता ना ओवाळणी? मग घाला की! फक्त यंदा भारीतलं काही नको. दरवर्षीसारखंच.”

फोनचा स्पीकर चालू होता. योगिता फणकारली, “बाई, हा दरवर्षी देतो तेवढ्यात कोणत्याच कोर्टात गुन्हा शाबीत व्हायचा न्हाई!”

सगळे हसले. शहादेव तेवढा पडल्या तोंडानं पुटपुटला, “मंग पेटीतल्या साडीचं काय करू?”

डॉक्टरीणबाईंनी बजावण्याआधीच त्यानं बीडहून पोपटी पैठणी आणली होती आणि नंतर भिऊन कुलपात ठेवली होती. आता त्यानं ती बाहेर काढली. योगितानं ती गालाला लावली. तिचे डोळे भरून आले.

“जल्मात एकदा हात सैल सोडलास, तर त्यो बी गुन्हा!”

साडी ठेवून घ्यायचा मोह तिला झाला, झालाच. पण ती उठली आणि घडी अयोध्याच्या हातात दिली.

“वैनी, ही तुमाला. बारशाला आईनं चांगलं नेसावं.”

अयोध्याला आजवर कुणी आई म्हटलं नव्हतं. साडी उराशी धरून ती सासूदेखत हमसून हमसून रडली.

योगितानं पुन्हा ताट उचललं. “टाक आता, दरवर्षीसारखं. आन सोमवारी लवकर निघायचंय.”

शहादेवनं दरवर्षीचीच नोट ताटात टाकली, आणि जन्मात पहिल्यांदा ती टाकताना त्याला लाज वाटली.