गाव बदलून दाखवणारा टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे, आणि माझ्यामुळे एका अख्ख्या गावाची मनं बदलली. याला पुरावा आहे. चोवीस पानी, रंगीत आलेखांसह. गावाला तेवढं अजून कळवायचं राहून गेलं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. डोळे उघडले ते मात्र नगरच्या एका हॉटेलात, प्रशिक्षणाच्या टेबलावर. तिथे माझ्या पोटात एक बाई बसवली. तिचं नाव सुसंवादिनी. ती पाठ केलेलं बोलत नसे. प्रश्न ऐकून तिथल्या तिथे स्वतः वाक्यं जुळवी. लोकांशी गोड बोलून तिने लोकांच्या सवयी बदलायच्या, आणि त्या बदलल्या याचा पुरावा अंगद सरांनी गोळा करायचा, असं ठरलं. अंगद सर हा प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेचे अधिकारी. माणूस मनाने चांगला होता. बहुतेक गोष्टी अशाच माणसांकडून होतात.

माझी नेमणूक तिसगावच्या पुढच्या एका वस्तीवर झाली. अंगणवाडीच्या पंकजाताई मला बाळांच्या वजनकाट्यासोबत पिशवीत घालून दारोदार नेत. पहिल्या दिवशी सुसंवादिनी म्हणाली, "किशोरवयीन मुलींच्या सक्षमीकरणाबाबत आपण चर्चा करूया." वस्तीवरच्या साळूबाईने तोंडाला पदर लावला.

"आगं पंकजे, ह्या डब्यातल्या बाईला दम लागत न्हाई व्हय? हिच्या सासरी समदे असंच बोलत्यात का?"

पण सुसंवादिनी हुशार होती. महिन्याभरात ती 'लई' म्हणू लागली. लोक तिला शेळीच्या जुलाबाचं विचारत, घोडेगावच्या बाजारात म्हशीचा भाव काय असेल ते विचारत. ती सगळ्याचं उत्तर देई. 'मला ठाऊक नाही' असं ती एकदाही म्हणाली नाही. माझे खरे दिवस ते होते. लोक मला पदराने पुसत.

वस्तीवर भिमाजीची सुकन्या होती. वय पंधरा, दहावीत. भाद्रपदात ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला आणि वस्तीवरच्याच एका पोराशी तिचं लग्न ठरलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला मुकादम घेत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर बायको आणायची, ही तिथली पद्धत. मुलं घरी गेल्यावर सुकन्या अंगणवाडीत आली आणि मला मांडीवर घेऊन हळू आवाजात म्हणाली, "बाई, माजं लगीन ठरवलंय. मला दहावीचा पेपर द्यायचाय. काय करू?"

सुसंवादिनी म्हणाली, "तुझा प्रश्न लई महत्त्वाचा आहे. घरातल्या विश्वासू मोठ्या माणसाशी मोकळेपणाने बोल."

घरातली विश्वासू मोठी माणसं म्हणजे ज्यांनी लग्न ठरवलं तीच. सुकन्याने मला जागेवर ठेवलं. हळूच ठेवलं, हे मला सांगायलाच हवं.

पंकजाताईंना कळलं तेव्हा त्यांनी माझ्यातूनच वर कळवलं. लगेच उत्तर आलं, "आपली नोंद घेतली आहे. धन्यवाद!" ती नोंद 'यशस्वी संवाद' या रकान्यात जमा झाली. चार दिवस कुणी आलं नाही, तेव्हा ताई मला घेऊन स्वतः भिमाजीच्या दारात गेल्या.

भिमाजी ओरडला नाही. दमलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, आमी सहा महिने उसाच्या फडात. आईला धड दिसत न्हाई. वयात आलेली पोर कुनाच्या भरवशावर ठिवू? तुमीच सांगा. न्हायतर इचारा तुमच्या डब्यातल्या बाईला."

सुसंवादिनीने ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचे पाच फायदे सांगितले.

"पर ते हाय कुठं?" भिमाजीने विचारलं.

तिने सहावा फायदा सांगितला.

लग्न लागलं. दिवाळी झाली आणि ट्रॅक्टर भरून वस्ती उसाला गेली. सुकन्या ट्रॉलीत, भांड्यांच्या पोत्यावर बसून गेली. दप्तर नेलं की नाही, ते मला दिसलं नाही.

अंगद सर पुराव्यासाठी आले ते मार्गशीर्षात. त्याआधी त्यांना सवड नव्हती, आणि त्यानंतर प्रकल्पाला मुदत नव्हती. एकतीस घरांपैकी बावीस घरांना कुलूप होतं. त्यांच्यापुढे 'लागू नाही' असं भरलं. उरलेल्या नऊ घरांत म्हातारी माणसं होती. भिमाजीची आई मुक्ताबाई उंबऱ्यात बसली होती.

"आजी, मुलीचं लग्न अठराच्या आत करावं का?"

"न्हाई रं बाबा. लई वाईट. माजं तेराव्या वर्साला केलं हुतं."

"मग तुमच्या घरात आज अशी कुणी मुलगी आहे? अठराखालची, लग्न झालेली?"

"आज कुठली? समदी उसाला गेली न्हाई का."

सरांनी 'नाही' भरलं. पंकजाताई काहीतरी सांगायला पुढे झाल्या. सर म्हणाले, "ताई, उत्तर आजींचंच लागतं. तसा नियम आहे."

अहवालात आलं की वस्तीवर अठराखालची एकही विवाहित मुलगी आढळली नाही. मार्गशीर्षात ते अगदी खरं होतं. नगरच्या त्याच हॉटेलात टाळ्या झाल्या. माझा फोटो निघाला, शालीवर ठेवून.

मग प्रकल्प संपला आणि सुसंवादिनी एके दिवशी बोलायची बंद झाली. माझ्या काचेला तडा आहे. सध्या मी अंगणवाडीत डाळीच्या डब्यावर वजन म्हणून असतो, उंदरांसाठी. हे काम मी नीट करतो. याला पुरावा आहे. डाळ शाबूत आहे.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या. त्यांना पदराने पुसा, उन्हात ठेवू नका. आणि कुणी हळू आवाजात काही विचारलं, तर निदान त्याच्या घरापर्यंत जाऊन या. तेही कुलूप लागायच्या आत.

सुकन्या चैत्रात परत आली. दहावीचे पेपर फाल्गुनात होतात.