टिकलीएवढी जागा

शिशिराचे पिवळे, कृश, क्षीणकांती ऊन पंचगंगेच्या पाण्यावर टेकले होते. पिंपळाची पाने गळत होती; एक गळे, दुसरे गळे, तिसरे वाऱ्याची वाट पाहत देठाशी थरथरे. अशा पर्णहीन, पांडुर अपराह्णी रावजी सातपुते घरातून निघाले. खिशात पत्र्याची डबी होती, आणि डबीत चामड्याची एकच टिकली.

टिकली म्हणजे काय, ते सांगायला हवे. पूल खेळायच्या काठीच्या, त्या सडपातळ, सरळसोट क्यूच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढा चामड्याचा तुकडा डकवलेला असतो. सगळा खेळ त्या तुकड्यावर. हात कितीही सिद्ध असो, नजर कितीही तीक्ष्ण असो, पांढऱ्या चेंडूला शेवटी शिवते ती टिकलीच.

आणि रावजींची टिकली म्हणजे, अहो, काय सांगावे! बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात मुरलेले, ताम्रवर्ण, तेजाळ कातडे. तेही फक्त पाठीचे, पोटाचे कधीच नाही. पातळ पातळ थर, थरावर थर, वर दगडाचे ओझे, मग गोल काप. आणि शेवटी परीक्षा. दारातल्या काळ्या पाथरीवर एकेक टिकली टाकायची आणि कान द्यायचा. थर एकजीव असले की ती बोले, टण्ण. आत कुठे थर सुटला असला की म्हणे, थप. डबीत पन्नास टिकल्या, पन्नासांचा एकच सूर. दूरदूरच्या क्लबांत लोक म्हणत, हा रावजीचा कान आहे.

तो कान गेला. हळूहळू गेला, पानगळीसारखा. रावजींनी कुणाला सांगितले नाही. टिकली टाकायची, डोळे मिटायचे, मान डोलवायची. हाताला सवय होती, मानेला सवय होती. टिकलीचा बारीक सूर मात्र ऐकू येत नव्हता. सांगायचे होते, पण जीभ रेटेना.

शिंत्रे मास्तर त्यांचे जिवाभावाचे मित्र. शाळेत चित्रकला शिकवत. खडू उचलून फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढत. पूर्ण, निर्दोष, पौर्णिमेसारखे. पोरे 'पुन्हा, पुन्हा' म्हणून ओरडत. तोच हात संध्याकाळी जिमखान्याच्या शेवाळहिरव्या टेबलावर क्यू धरी, आणि क्यूला टिकली रावजींचीच असे.

अकरा वर्षांपूर्वी, अशाच शिशिरात, जिमखान्याची अंतिम फेरी होती. शेवटचा काळा चेंडू टेबलाच्या कोपऱ्यातल्या खिशाच्या तोंडाशी उभा होता. झोपेतही जावा असा. मास्तर वाकले, श्वास रोखला, क्यू सरली, आणि टोक घसरले. पांढरा चेंडू कडेकडेने भलतीकडेच निघून गेला. सारा हॉल हळहळला.

"हात गेला माझा," मास्तर एवढेच म्हणाले.

रावजींनी क्यू हातात घेतली. टिकलीवर नख टेकवले. वरचा थर नखाखाली अलगद उचलला गेला. तिथेच, त्याच क्षणी सांगायला हवे होते! पण टिकली चुकली म्हटले की कान गेला म्हणावे लागणार, आणि कान गेला म्हणजे रावजी काय उरले? त्यांनी ती टिकली काढून खिशात टाकली आणि गप्प राहिले. लाज वाटावी असे गप्प.

मास्तरांनी क्यू पुन्हा धरली नाही. वर्गात लाकडी कंपास आणला आणि वर्तुळे त्यानेच काढली. पोरांनी 'हातानं काढा' म्हणून गळ घातली, तर मास्तर हसून पाठ फिरवत. निवृत्त झाले तेव्हाही हातात कंपासच होता.

परवा सुनेने रावजींच्या कानात यंत्र बसवून आणले. घरात शिरताच त्यांनी जुनी डबी उघडली आणि मास्तरांच्या क्यूवरून काढलेली, जपून ठेवलेली ती टिकली पाथरीवर टाकली.

थप.

अकरा वर्षे उशिरा ऐकू आली. त्यानंतर रावजींना घास गोड लागेना.

आज ते पोचले तेव्हा मास्तर आपल्या अंगणात उन्हाला बसले होते. रावजी उभ्याउभ्याच बोलले. "मास्तर, त्या दिवशी तुमचा हात न्हवता चुकला. टिकली चुकली हुती. माझी."

मास्तरांनी मान वर केली.

"तुला कधी कळलं?"

"तवाच."

"अकरा वर्षं, रावजी?" मास्तरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "म्हणजे हात बरा होता माझा."

"बरा हुता. लई बरा हुता, मास्तर. मी खाल्ला त्यो." रावजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

मास्तर उठले. आत गेले, आणि कोनाड्यातला क्यूला लावायचा निळा खडू घेऊन आले. शहाबादी फरशीवर गुडघे टेकले. हात उचलला, शिरांनी विणलेला, सत्तरी उलटलेला, आता खरोखरच थरथरणारा हात. आणि एका झटक्यात, पोरांनी 'पुन्हा' म्हणावे तसा, तो फिरवला.

निळी रेघ निघाली. वळली. कापत कापत, डुचमळत, निघाल्या जागी परतू लागली, आणि जरा अलीकडेच थांबली.

दोघेही पाहत राहिले. ऊन उतरत होते, पाने गळत होती. आणि फरशीवरच्या त्या निळ्या, न मिटलेल्या वर्तुळात दोन टोकांमध्ये टिकलीएवढी जागा उरली होती.