काचेवरची चिकटपट्टी

माझी बायको चंद्रभागा गेल्या एप्रिलमध्ये वारली. तिचा लाकडी पेटीचा रेडिओ त्याच्या बराच आधी बंद पडला होता. "अहो, एकदा दुरुस्त करून द्या ना," ती म्हणायची. मी उद्या-परवा करत राहिलो. ती गेल्यावर मात्र ठरवलं, हा बोलता करायचाच.

दर रविवारी वारज्याहून बसने जुन्या बाजारात जाऊ लागलो. तिथे वैजनाथ ताडपत्रीवर मोडके रेडिओ मांडून बसतो. त्याच्याकडच्या तसल्याच एका फुटक्या रेडिओतले व्हॉल्व्ह, म्हणजे आतले छोट्या दिव्यांसारखे भाग, मिळाले. कुठला कुठे बसवायचा, तेही त्यानेच कागदावर काढून दिलं. तिसऱ्या रविवारी रेडिओ खरखरला. माझे डोळे भरून आले.

मग वाटलं, एवढं केलं तर केंद्रं दाखवणारी पुढची काचही लख्ख करावी. काच काढली आणि साबणाच्या फडक्याने आतून पुसली. केंद्रांची नावं, आकडे, सगळं फडक्यावर आलं. बाहेरून चंद्राने लावलेली चिकटपट्टी तेवढी राहिली. ती दवाखान्यात आया होती. वाचता यायचं नाही, म्हणून पुणे केंद्र लागतं तिथे तिने ड्रेसिंगच्या पट्टीचा बारीक तुकडा डकवला होता.

वैजनाथला सांगितलं तर म्हणाला, "काका, रेडिओ आहे तो. ताट नाही."

"आधी सांगायचं ना!"

"विहिरीत टाकू नका, हेही सांगायचं राहिलंय." असं म्हणून त्याने पोत्यातून तशीच, अक्षरं असलेली काच शोधून दिली.

घरी येऊन जुन्या काचेवरची पट्टी या काचेवर लावायला नखाने सोडवू लागलो. कोपरा उचलताच तिचा चुरा व्हायला लागला. मी हात काढून घेतला. कोरी काचच परत बसवली आणि काटा पट्टीखाली आणला. पुणे केंद्र लागलं. एक बाई बातम्या देत होत्या. इतक्या महिन्यांनी घरात माणसाचा आवाज होता.

चंद्राने इतकी वर्षं हा रेडिओ असाच लावला. तिला त्या अक्षरांची कधी गरज पडली नव्हती. मी मनात आधी तिचे आभार मानले, मग वैजनाथचे.

पुढच्या रविवारी काच त्याला परत नेऊन दिली.

"का, हीपण धुतलीत?"

"नाही. दुसऱ्या कुणाला लागेल. आमच्या काचेवर खूण आहे," मी म्हणालो आणि दोन चहा सांगितले.