मी म्हणालो होतो, मुकाट्याने सोसा

मी एक भक्तीचं पुस्तक बोलतोय. एकोणीसशे चोपन्न साली पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान, पानावर एक शिकवण आणि खाली छोटी प्रार्थना. ख्रिस्ती घरांत मी फार लाडका. नाताळात भेट द्यायला माझ्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही!

असाच मी पौडजवळच्या एका छोट्या दवाखान्यात, नर्स सगुणाबाईंकडे आलो. इतर घरांत माझं पान दोन मिनिटांत उरकतं. सगुणाबाई मात्र एकेका पानावर पाच-सहा दिवस थांबत. त्यामुळे माझा फेब्रुवारी भातलावणीत उगवला. शेजारचे भिवाजी म्हणत, "बाई, तुमचं पुस्तक आमच्या बैलापरास हळू चालतंय!"

"चालू दे की. रवंथ करतंय," बाई हसत.

संध्याकाळी त्या दवाखान्याच्या ओट्यावर मोठ्याने वाचत. वरच्या वाडीची कोंडाबाई लावणीहून परतताना ऐकत बसे. एका पानावर मी म्हटलं होतं, 'दुःखाचा बोभाटा करू नका. मुकाट्याने सोसणाऱ्याचं देव ऐकतो.' मला स्वतःला ते वाक्य फार आवडायचं.

पाच दिवस ते पान चाललं. सहाव्या दिवशी कोंडाबाई आलीच नाही. बाई वाडीवर गेल्या; औषधांच्या पिशवीत मीही होतो. पाहतो तर तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, अंगात ताप. टाचेत काटा मोडून चार दिवस झाले होते. रोज बाईंच्या शेजारी बसूनही ती एका शब्दाने बोलली नव्हती.

"अगं, सांगायचं नाही का? पाय जाईल अशानं!"

"आता गं बया! तुमीच वाचत व्हता न्हवं, मुकाट सोसायचं म्हनून? दवाखान्याचं पुस्तक, म्या म्हनलं डाक्टरचंच आसंल. पथ्य पाळलं की!"

पिशवीत मला तोंड लपवायला जागा सापडेना.

तिला झोळीतून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी काटा काढला, इंजेक्शनं दिली. तीन दिवस पायाचा भरवसा नव्हता. चौथ्या दिवशी ताप उतरला, सूज ओसरू लागली.

त्या दुपारी बाईंनी तेच पान पुन्हा उघडलं. "लिहिणारा खोटं नाही बोलला," त्या हळूच म्हणाल्या, "पण लिहिताना त्याच्या पायात काटा नसावा. आमचा प्रभू वधस्तंभावर मोठ्याने ओरडला. मग कोंडाबाईनं का ओरडू नये?"

त्यांनी शिसपेन्सिलीने माझ्या समासात लिहिलं, 'देव ऐकतोच. पण शेजारणीलाही ऐकू जाऊ द्या.'

"काय लिवताय?" कोंडाबाईने खाटेवरून विचारलं.

"तुझं पथ्य बदललं."

"झ्याक झालं! मग आता सांगते. ही खाट लई टोचती, आन् तुमची पेज निस्तं पानी हाय!"

एवढी गोड तक्रार मी आजवर ऐकली नव्हती.

आज माझा पुठ्ठा निखळलाय, कडा काळवंडल्यात. वाईट वाटत नाही. माझं एखादं भावंड तुमच्या घरी असेल तर त्याला भरभर संपवू नका. पटलं नाही तिथे थांबा, भांडा. आम्हाला राग येत नाही.

ते पान आलं की बाई आधी माझी ओळ वाचतात, मग त्यांची, एकाच आवाजात. ऐकणाऱ्या बायांना वाटतं, दोन्ही छापलेल्याच आहेत. मीही गप्प बसतो.