आकाराम चौगले वारले

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत उभा जन्म घालवून आकाराम चौगले निवृत्त झाला, आणि आपल्या घरातल्या फोनला दुपारची झोप ठाऊक नाही हे त्याला पहिल्यांदाच कळलं. जेवून जरा आडवं व्हावं, डोळा लागतोय न लागतोय तोच घंटी. धडपडत जाऊन उचलावा तर कुणी गोड गळ्याची पोरगी विचारणार, "मिस्टर आकाराम चौगले बोलताय का सर?" मग कर्ज घ्या, कार्ड घ्या, विमा घ्या. एका बहाद्दरानं तर लकी ड्रॉत मोटारसायकल लागल्याची थाप मारली आणि त्याच्या बायकोकडून, बनाबाईकडून, पासबुकावरचा खातेनंबर काढून घेत आणला होता. आकाराम वेळेवर परसातून आत आला म्हणून बरं. त्यानं त्या बाबाला अशा काही शिव्या हासडल्या, की शेजारच्या चिमणाबाईनं खिडकी लावून घेतली. पण शिव्यांनी कोण हटतंय? दुसऱ्या दिवशी दुसरा हजर.

भावकीतली माणसं म्हणायची, आता मोबाइलचा जमाना आलाय, हे डबडं काढून टाका. आकाराम ऐकून घ्यायचा आणि गुपचूप जाऊन बिल भरून यायचा. का, ते तो कधी बोलला नाही. बनाबाईला मात्र ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी घरातून गेलेल्या त्यांच्या एकुलत्या लेकीला, क्रांतीला, हाच नंबर पाठ होता.

क्रांतीनं रजिस्टर लग्न केलं होतं. मुलगा आकारामच्याच कंपनीत लॅबमध्ये कामाला. शिकलेला, निर्व्यसनी, कधी कुणाला वर मान करून बोलला नाही. फक्त तो बौद्ध होता, आणि आकारामनं नेमकं तेवढंच धरून ठेवलं. दोघं पाया पडायला दारात आली तेव्हा भावकी जमलेली. त्यांच्यापुढं नाक वर राहावं म्हणून हा गडी उंबऱ्यात उभा राहून गरजला, "मी मेलो तरी माझं तोंड बघायला यायचं न्हाय! सांगून ठेवतोय." पोरीनं होकारार्थी मान हलवली आणि ती गेली. त्या दिवसापासून जावयाचं आडनाव घरात कुणी काढायचं नाही, असा हुकूम सुटला. माणसानं मूर्खपणा करावा, पण किती करावा?

तर, शिव्यांनी फोन थांबत नाहीत म्हटल्यावर आकारामला एक नामी युक्ती सुचली. टॉवेल तोंडावर धरायचा, आवाज खोल करायचा आणि म्हणायचं, "आकाराम वारले." पलीकडची पोरगी गडबडायची, "सॉरी सर" म्हणायची, आणि तिकडून पुन्हा फोन यायचा नाही. आकाराम बेहद्द खूश. तरुणपणी गणेश मंडळाच्या नाटकात कामं केलेला माणूस, त्याला चेवच चढला. कधी तो हार्ट अटॅकनं जायचा, तर कधी गव्याची धडक बसून.

"अवो, माझ्या कुंकवावर उठलाय व्हय?" बनाबाई कळवळून म्हणायची. "जिभंला काय हाड?"

"गप गं. फोन कमी झालं का न्हाय, त्येवढं बोल."

एका दुपारी बनाबाई दळण आणायला गेली होती. फोन वाजला. आकारामनं सवयीनं टॉवेल तोंडाशी नेला.

"आकाराम चौगले... आहेत का?" बाईचा आवाज, शुद्ध, जरासा चाचरत.

"वारले."

नेहमीचं सॉरी काही आलं नाही. मागं कुठंतरी लहान मूल किरकिरत होतं. मग तोच आवाज, अगदी हळू आला. "कधी?"

"झालं की आठ दिस," आकाराम टॉवेलातून म्हणाला. फोन बंद झाला.

तो पुन्हा आडवा झाला, पण झोप येईना. कर्ज विकणारी बाई माणूस कधी मेला ते कशाला विचारील? तिला काय करायचंय? आणि त्यांच्या हापिसात मूल कशाला रडेल? आकाराम ताडकन उठून बसला.

बनाबाई पिठाचा डबा घेऊन आली, तेव्हा तो फोनशेजारी बसला होता. त्यानं झालं ते सगळं सांगितलं. ती डब्यासकट मटकन खाली बसली.

"तीच हुती. लेकीचा आवाज कसा वळखला न्हाय वो तुमी?"

"तिनं तरी माझा कुठं वळखला?"

"त्वांड झाकून बोलल्यावर कशी वळखंल ती?"

दुसऱ्या दिवशी तो टेलिफोनच्या हापिसात गेला. फोन कुठून आला ते सांगता येत नाही, म्हणाले. कंपनीत गेला. जावई नोकरी सोडून कधीच परगावी गेला होता, कागदावर जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता. मूळ गाव नांदेडकडचं, पण कोणतं, ते कुणाला सांगता येईना. आकारामनं तरी कधी विचारलं होतं?

"येनार बघ ती," तो घरी येऊन बनाबाईला म्हणाला. "बाप मेल्यावर कुठली लेक घरात बसती?"

आठ दिवस झाले असं आपणच सांगितलेलं, म्हणजे आपलं बारावं रविवारी, असा हिशेब त्यानं केला. बाराव्याला तरी ती नक्की येईल. रविवारी त्यानं पहाटेच आंघोळ केली, गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बनाबाईनं डोळे पुसत पुसत पुरण शिजवलं, कारण क्रांतीला पुरणपोळी आवडायची. स्वतःच्या बाराव्याला असा नटून दारात बसलेला माणूस कोल्हापूरनं पाहिला नसेल. हसायला यावं असंच ते होतं, पण त्या घरात त्या दिवशी कुणी हसलं नाही. रिक्षा वाजली की आकाराम उठायचा. एक चिमणाबाईकडं वळली, दुसरी सरळ निघून गेली. पोळ्या गार झाल्या. दिवेलागण झाली तरी तो दारातून हलेना.

शेवटी बनाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. "टेंबलाईची जत्रा ध्यानात हाय?"

त्याच्या ध्यानात होती. क्रांती तेव्हा एवढीशी होती. "हितनं हलायचं न्हाय" असं तिला सांगून तो दोस्तांबरोबर गेला आणि गप्पांच्या नादात विसरला. परत आला तो अंधार पडताना. पोरगी त्याच जागी उभी होती, घसा सुकलेला, पाय थरथरत. रडत म्हणाली होती, "आबा, तुमी हलू नको म्हणालासा की."

"एक लगीन सोडलं तर तिनं तुमचा शबूद कवा मोडलाय?" बनाबाई म्हणाली. "तुमीच सांगितलंय न्हवं, मेलो तरी यायचं न्हाय म्हणून."

लेक आपल्यासाठी कुठंतरी रडत असणार, आणि आपल्याच शब्दाखातर तिकडंच थांबली असणार, हे कळल्यावर आकाराम इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत पोरासारखा रडला.

सोमवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. टॉवेल खुंटीलाच राहिला.

"मिस्टर आकाराम चौगले बोलताय का सर?"

"व्हय. मीच. जित्ता हाय मी."

पोरगी घडाघडा व्याजाचे दर सांगू लागली. आकारामनं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

"पोरी, दिसाला किती जणांस्नी फोन लावतीस गं?"

"खूप सर. का?"

"मग माझं एक काम कर. कवा तरी आमच्या क्रांतीला लागंल तुझा फोन. तिला सांग, तुझा आबा जित्ता हाय. घरला ये म्हणालाय."

मग ती पोरगी शिकवलेला गोड आवाज सोडून साध्या आवाजात म्हणाली, "आडनाव काय त्यांचं?"

बनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"कांबळे," आकाराम शेजारीपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "क्रांती बुद्धभूषण कांबळे. माझी लेक हाय ती."