जन्मापासूनची गाठ

"जीभ बाहेर काढा."

कौसाने पदर सारखा केला आणि तोंड मिटूनच ठेवले. सासूदेखत जीभ काढायची म्हणजे काय!

"काढ की गं," सासू गयाबाई म्हणाली. "घरात तर बरी चालते."

कौसाने लाजत टोकभर जीभ काढली. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी गळ्याच्या मधोमध बोट ठेवले. सुपारीएवढी गाठ जिभेबरोबर बोटाखालून अलगद वर सरकली.

"टीबी नाही. जन्मापासूनची पिशवी आहे. सर्दी झाली की सुजते, दुखते. कुणाला लागत नाही. ऑपरेशन करून काढू."

"पण साहेब, आधी तर नव्हती," कौसा म्हणाली.

"आत होती. आता फुगली."

आत होती म्हणजे काय, हे कौसाला कळले नाही. पण टीबी नाही, एवढे कळले आणि तिचा जीव भांड्यात पडला. पावसाळ्यात गाठ वर आल्यापासून बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या घरात तिचे ताट वेगळे होते आणि दोन वर्षांची विठा आजीजवळ झोपत होती. पोरीवाचून कौसाचा जीव नुसता तुटत होता.

 बदलापूरला घरात पाय ठेवताच गयाबाईचे तोंड सुटले.

"जन्मापासनं, म्हणजे तुझ्या आईला ठावं व्हतं. बघायला आलो तवा ठुशी कशी गळ्याला आवळून बांधलेली! फसवलं आम्हाला."

कौसाचा नवरा शिवराम अंबरनाथच्या कारखान्यातून नुकताच आला होता. "टीबी नाय ना? मग मिटलं की," तो म्हणाला.

"तू गप रे!"

कौसाला आठवले. ठुशी खरेच आवळली होती. "आई, टोचतंय गं," असे ती म्हणालीही होती. "राहू दे, शोभतंय," आई म्हणाली होती. आईला ठाऊक होते? आई तर गेल्या दिवाळीत गेली, आता विचारायचे कुणाला? सकाळपर्यंत कौसा रोगी होती, आता लबाड ठरली. आपण नक्की कोण, हे तिचे तिलाच कळेना.

गयाबाईने मात्र तिचे ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत आदळले. विठा धावत येऊन कौसाच्या मांडीत शिरली. कौसाने तिला पोटाशी आवळले, पटापट मुके घेतले आणि मग हळूच म्हणाली, "विठे, जीभ दाखव."

विठाने खुशीत लांबलचक जीभ काढली. कौसाने तिच्या इवल्याशा गळ्यावर बोट ठेवले.

वाढता वाढता गयाबाईचा हात थांबला. "काय लागतंय का गं?"

"नाय," कौसा म्हणाली. बोट मात्र तिने उचलले नाही.