काठीचं टोक

आमच्या धंद्यात नोकरी नसते, नाव असतं. कुणीतरी कुणाला तरी सांगतं, "धसईकडची ती सारिका आहे ना, साउंड करते, तिला विचार," आणि फोन येतो. फोन आला की काम, नाही आला की घरी आईबरोबर भाताच्या खाचरात. मालिकांच्या सेटवर केबली गुंडाळण्यापासून मी सुरुवात केली. बाईमाणूस मशीन काय सांभाळणार, असं म्हणणाऱ्यांची तोंडं हळूहळू बंद केली. सगळ्यांची झाली असं नाही, पण फोन यायला लागले.

दीपेशला या धंद्यात मी आणलं. तो वैशाखऱ्याचा. लग्नात स्पीकर लावायचा आणि नवरदेवापेक्षा जास्त मिरवायचा. मी त्याला बूम धरायला शिकवलं. बूम म्हणजे लांब काठी, टोकाला माईक. ती डोक्यावर धरून बोलणाऱ्याच्या मागे मागे फिरवायची, कॅमेऱ्यात मात्र दिसू द्यायची नाही. सुरुवातीला हात भरून यायचे, रडकुंडीला यायचा. मी सांगायचे, "दीप्या, ऐकून मग हात हलवशील तर उशीर होतो. हातानंच ऐक." आणि पोरगं शिकलं. नटाने बोलायला श्वास घेतला की काठीचं टोक तिकडे वळलेलं असायचं. झोपेत याच्या शेजारी कुणी शिंकलं तरी याचा हात तिकडे जाईल, असं मी युनिटमध्ये कौतुकाने सांगत असे. तो मला ताय म्हणायचा, आणि मलाही सख्खा भाऊ नव्हता.

म्हणून एक गोष्ट फक्त त्याला सांगितली. गेल्या उन्हाळ्यात एका मारामारीच्या सीनला माझ्या डाव्या कानाशी फटाक्याचा बार उडाला. तेव्हापासून कधीमधी त्या कानात बारीक शिट्टी वाजते. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकू सगळं येतंय, शिट्टी हळूहळू जाईल. पण साउंडवालीच्या कानात शिट्टी वाजते ही बातमी एकदा फुटली की डॉक्टरांचा कागद कोण वाचतो? धसईच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मी हे दीपेशला सांगितलं. "कुणाला बोलू नको रे," म्हटलं. तो म्हणाला, "मी काय येडा हाय काय, ताय?"

येडा नव्हताच तो.

यंदा वैशाखऱ्यात एका वेब सिरीजचं काम लागलं. सगळा कारभार भाविक सरांकडे होता, कुणाला घ्यायचं कुणाला नाही ते तेच ठरवायचे. त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं, हे शेड्यूल नीट पार पडलं तर पुढचा अख्खा सीझन माझा. तोवर मी कुणाची तरी सहाय्यक, नाहीतर कुणाच्या तरी बदली. पुढच्या सीझनला साउंडखाली माझं एकटीचं नाव येणार होतं. आईला मी ते अजून सांगितलं नव्हतं, पण मनात सांगून झालं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी चहा घेताना भाविक सर माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. "इकडून बोललो तर येतं ना ऐकू?" असं म्हणून हसले. मीही हसले. मग लक्षात आलं. कानाची गोष्ट जगात तिघांना माहीत होती, आणि त्यातला डॉक्टर कल्याणला होता. मी दीपेशकडे पाहिलं. तो बॅटऱ्या मोजत होता, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. निसटलं असेल तोंडातून, अशी मीच त्याची बाजू घेतली. आपलेच दात, आपलेच ओठ.

शूटिंग गावातल्या भागीमावशींच्या घरात होतं. सकाळपासून गावात वीज नव्हती, आमचं सगळं लांब उभ्या केलेल्या जनरेटरवर चाललेलं. दुपार कलताना शेवटचा सीन झाला आणि मी रूम टोन मागितला. सीन संपला की त्याच खोलीत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज भरून घ्यायचा असतो. एडिटिंगला तो ठिगळासारखा कामी येतो. अख्ख्या युनिटला गप्प करायचा अधिकार साउंडवालीला तेवढ्यापुरताच मिळतो, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडतो.

मी बाहेर पडवीत मशीनपाशी. आत, दारातून मला दिसेल असा, दीपेश बूम धरून मधोमध. माईकमधून येणारं सगळं, नुसत्या कानाला न लागणारं बारीकही, मला आणि त्याला, दोघांनाच हेडफोनमधून ऐकू येतं. सगळे स्तब्ध झाले. तेवढ्यात गावात वीज आली, पडवीतला दिवा लागला आणि माझ्या कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, उंच, सुईसारखी.

मी हेडफोन काढला. शिट्टी बंद. पुन्हा चढवला. सुरू. जीव भांड्यात पडला, कारण माझ्या कानातली शिट्टी असती तर हेडफोन काढून थांबली नसती. शिट्टी घरात होती.

"कट. आत काहीतरी चालू आहे," मी म्हटलं. "शिट्टीसारखा आवाज येतोय."

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पंखा बंद, फोन बंद. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. भाविक सर दारात आले. त्यांनी माझ्याकडे नाही, दीपेशकडे बघितलं.

"दीपेश, तुला येतोय आवाज?"

मी निवांत होते. त्याच्याही कानात तेच वाजत होतं.

दीपेश म्हणाला, "नाय सर. मला तर काय येत नाय."

हे तो बोलत असताना मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. सवयीने काठीच्या टोकाकडे बघत होते. ते मधोमध असायला हवं होतं. ते कोपऱ्यातल्या भाताच्या कणगीकडे वळलेलं होतं. त्याचा हात ऐकत होता. मीच शिकवला होता तो.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या पडवीत समजलं. सकाळचं तोंडातून निसटलं नव्हतं. नेऊन दिलेलं होतं.

मी आत गेले, कणगीमागे हात घातला. प्लगला एक पांढरी डबी लावलेली होती. ती उपटली. हेडफोनमध्ये शिट्टी थांबलेली दीपेशने ऐकली असणार, पण त्याने पापणी हलवली नाही. बाकी कुणासाठी काहीच बदललं नव्हतं.

"ही काय, मावशी?"

"उंदराचं मशीन हाय, बाय," भागीमावशी म्हणाल्या. "मुरबाडशी आणलाय. दुकानवाला बोलला, याचा आवाज माणसाला नाय येत, उंदरानाच येतो."

भाविक सर म्हणाले, "म्हणजे उंदरांना आणि सारिका मॅडमना."

सगळं युनिट हसलं. मी माझ्या मशीनवर ते रेकॉर्डिंग परत लावलं आणि हेडफोन भाविक सरांपुढे धरला. त्यांनी तो कानाला टेकवल्यासारखा केला. "मला काही येत नाही," म्हणाले. येणारच नव्हता, पन्नाशीच्या कानाला तेवढा उंच आवाज लागत नाही. मी तसं सांगितलं, तर आणखी हसले. दीपेशही हसला. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही.

सामान भरताना भाविक सरांनी बाजूला घेतलं. मी कानाची नीट काळजी घ्यावी, घाई करू नये, पुढच्या सीझनला दीपेशला बसवून बघतो, म्हणाले. फार गोड बोलले. मी "बरं" म्हटलं. भांडले असते तर कानाच्या जोडीला डोकंही बिघडलंय असं झालं असतं.

दीपेश टेम्पोपाशी केबली गुंडाळत होता. मी जवळ गेले.

"आलेला ना रे आवाज?"

"नाय गो ताय. खरंच नाय." त्याने मान वर केली नाही. मग गुंडाळलेली केबल टेम्पोत टाकत म्हणाला, "ताय, पुढच्या शेड्यूलला तुझी बूम नेऊ का? माझा हात बसलाय तिच्यावर."

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. आणि त्याच वेळी, पहिल्या दिवसासारखे त्याचे दंड चोळून द्यावेत असंही वाटलं. राग मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त आला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

त्याच्या बाजूला टेकवलेली काठी मी उचलून घेतली.

"ही नाय मिळायची," मी म्हटलं. "आज तू खोटा बोललास, तवा हीच एक खरी बोलली."

त्याला कळलं. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हात खिशात घातला. मी काठी खांद्यावर टाकून मुरबाडच्या गाडीसाठी रस्त्यावर जाऊन उभी राहिले.